चाळीस श्रोते

ज्या रेडिओला भरपूर श्रोते असतात, तिथल्या लोकांकडे किस्से कमी असतात असा माझा अंदाज आहे. त्यांना कामं असतात. फोन घ्या, पत्रं वाचा, तक्रारी निस्तरा. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे सहा वर्षांत पोतंभर किस्से साठले. परवा इथे सिंगापुरात, पाया लेबारला, ऑफिसातल्या दोघांना जेवणाच्या सुट्टीत एक सांगायला गेलो आणि तासभर उठलोच नाही. दोघंही मराठी. ऐकून झाल्यावर दोघंही म्हणाले, "अरे, तो कार्यक्रम ना? आम्ही नेहमी ऐकायचो!"

हे वाक्य मी आजवर किमान शंभर जणांकडून ऐकलंय. खरे ऐकणारे किती होते, हे सांगायलाच बसलोय.

* * *

आधी जागा सांगतो. तोआ पायोहला एक कम्युनिटी कॉलेज होतं. दिवसभर नोकरी करणारी माणसं संध्याकाळी तिथे केक करायला, कपडे शिवायला, मँडरिन बोलायला शिकायची. त्या कॉलेजचा एक इंटरनेट रेडिओ होता. जाहिराती अजिबात नाहीत. ऐकणाऱ्यांनी वर्गणी द्यायची आणि त्यावर रेडिओ चालायचा. वेगवेगळ्या भाषांना आठवड्याला एकेक तास दिलेला होता. रविवारी सकाळी दहा ते अकरा 'मराठी तास'!

निवेदक होते पेठे काका. जहाज कंपनीतून निवृत्त झालेले, सिंगापुरात तीस वर्षं राहिलेले. मुलगा ऑस्ट्रेलियात. बुकित बातोकच्या फ्लॅटमध्ये काका आणि काकू दोघंच. मी काचेच्या अलीकडे बसून बटणं दाबणारा. पगार आम्हा कुणालाच नव्हता. तो फक्त स्टेशन मॅनेजर मिस्टर लिम यांना होता, आणि तोही त्यांच्या तोंडावर कधी दिसला नाही.

पहिल्या रविवारी काका आले ते कडक इस्त्रीचा फुल शर्ट, चामड्याचे बूट, पाणी लावून पाडलेला भांग अशा थाटात. लिम बघतच राहिले. इथल्या इंग्रजीत वाक्याला 'लाह'चं शेपूट लागतं, ते लावून म्हणाले,

"अंकल, धिस इज रेडिओ लाह! नोबडी कॅन सी यू!"

काकांनी बुटाची लेस घट्ट केली आणि म्हणाले, "बट दे विल हिअर इट."

मग माइकसमोर बसून त्यांनी घसा साफ केला. पाण्याची बाटली घरी विसरले होते, ती माझी घेतली. पुढे सहा वर्षं दर रविवारी माझीच घेतली. आणि पहिलं वाक्य म्हणाले, जे नंतर कधीच बदललं नाही: "नमस्कार श्रोतेहो. सिंगापुरात सकाळचे दहा वाजले आहेत आणि तुमचा चहा झालेला आहे असं मी धरून चालतो."

* * *

आता माझ्या पापाचा किस्सा.

काचेपलीकडे बोललेलं ऐकू जायचं नाही, म्हणून माझ्याकडे पाटीएवढा एक पांढरा बोर्ड होता. त्यावर मार्करनं 'पाच मिनिटं', 'एक मिनिट' असं लिहून काकांना दाखवायचं. माझ्या समोरच्या स्क्रीनवर आणखी एक गोष्ट दिसायची, जी काकांना दिसत नव्हती. या क्षणी किती जण ऐकताहेत त्याचा आकडा.

पहिल्या दिवशी अकराला दोन मिनिटं असताना काकांनी भुवया उंचावून मला खुणेनं विचारलं, किती?

आकडा होता तीन.

त्यातला एक मी स्वतः. आवाज नीट जातोय का बघायला मी फोनवर रेडिओ लावून ठेवायचो. दुसरा, लिम यांच्या केबिनमधला कॉम्प्युटर. तो चोवीस तास चालू असायचा, केबिनला कुलूप असलं तरी. आणि तिसरा एक कोणीतरी.

काका वाट बघत होते. सत्तरीचा माणूस, आठवडाभर तयारी केलेली, शर्टाला कडक इस्त्री. तीन लिहायला माझा हात उठेना. तिनावर शून्य दिलं की तीस होतात, पण तीस फारच मोजून मापून वाटले. मी चाळीस लिहिलं.

काकांचा चेहरा असा उजळला म्हणता! माइककडे वाकून म्हणाले, "जाता जाता सांगायला आनंद वाटतो, श्रोतेहो, की आज आपण चाळीस जण एकत्र होतो."

पुढच्या रविवारी आकडा तीनच होता. मी पुन्हा चाळीस लिहिलं. एकदा चाळीस लिहिल्यावर माणूस कुठे मागे येणार?

* * *

त्या वर्षी गणपतीला इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये काकांभोवती ही गर्दी. "काका, काय आवाज आहे हो तुमचा!" "काका, आमच्या घरी तुमचाच रेडिओ लागतो!" एक गृहस्थ मोदकाचं ताट सांभाळत पुढे आले आणि म्हणाले, "मी तर रोज ऑफिसला जाताना ऐकतो."

कार्यक्रम आठवड्यातून एकदा. तोही रविवारी!

मी काकांकडे बघितलं. म्हटलं, आता तरी यांच्या डोक्यात प्रकाश पडेल. पण काका गहिवरले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बघितलंस अभय? एक तास आठवडाभर पुरवून ऐकतात लोक."

शेजारी पेठे काकू उभ्या होत्या. तेव्हा चांगल्या हिंडत्या-फिरत्या होत्या. कुणीतरी त्यांना विचारलं, "काकू, तुम्ही ऐकता की नाही?"

काकू म्हणाल्या, "घरी ऐकते तेवढं पुरे नाही का?"

सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मीच हसलो.

* * *

एका वर्षी एका बड्या बँकेतल्या मोठ्या साहेबांना मुलाखतीला बोलावलं. मराठी माणूस, पण आधी त्यांच्या सेक्रेटरीचा फोन आला की श्रोतृवर्ग किती आणि कोणत्या थरातला आहे? काकांनी सांगितलं, चाळीस, आणि सगळे थर.

साहेब आले. सोबत बायको आली, फोटो काढायला. तासभर साहेब स्वतःविषयी बोलले. काकांना प्रश्न विचारायची संधी दोनदाच मिळाली, त्यातला एक प्रश्न "पाणी घेणार का?" हा होता. मध्येच साहेबांनी मराठी भाषेची होत असलेली उपेक्षा या विषयावर दहा मिनिटं घेतली. इंग्रजीतून!

दुपारी फेसबुकवर फोटो चढला. हेडफोन लावलेले साहेब, समोर माइक, खाली मायबोलीची सेवा वगैरे. तीनशेच्या वर लाईक. आणि तो तासभर माझ्या समोरचा आकडा तीनच. मी, लिमचा कॉम्प्युटर आणि तो नेहमीचा एक. साहेबांच्या घरातलंही कोणी ऐकत नव्हतं. घरातलं माणूस स्टुडिओत फोटो काढत होतं ना!

* * *

मग काकांच्या डोक्यात आलं की मुलांना बोलवावं. भाषा मुलांपर्यंत गेली पाहिजे. आईबाप तयारच होते. रेडिओवर पोरगी बोलली म्हणजे पुन्हा फोटो.

आठ वर्षांची एक मुलगी आली, परकर-पोलकं घालून. आईबाप काचेच्या अलीकडे माझ्याशेजारी उभे. मुलीनं पाठ केलेली चार कडवी घडाघडा म्हणून दाखवली. काका खूश. लाइव्ह कार्यक्रमात लाडानं विचारलं, "बाळ, तुला मराठी खूप आवडतं ना?"

मुलगी म्हणाली, "नॉट रिअली लाह, अंकल. ममी सेड इफ आय डू धिस, वी कॅन गो ईट प्राटा."

प्राटा म्हणजे इथला पराठा. आईनं कपाळाला हात लावला. बाप माझ्यावर खेकसला, "हे कापता नाही का येणार?" लाइव्ह कार्यक्रम कसा कापणार? आणि कापायचा कुणासाठी? लिमच्या कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं.

सहा वर्षांत आमच्या माइकवर खरं बोललेली ती एकमेव पाहुणी. बाकी सगळे खोटं बोलले, आणि काचेच्या अलीकडे बसून सर्वांत जास्त मी बोललो.

* * *

आता धुराचा किस्सा. ज्यांनी त्या वर्षीचा हेझ बघितलाय त्यांना सांगायला नको. शेजारच्या देशात रानं पेटली की तो धूर आमच्याकडे यायचा, पण त्या वर्षी समोरचा ब्लॉक, अख्खी इमारत, दिसेना. दुकानातले मास्क संपले. डोळे चुरचुरायचे, खिडक्या बंद, शाळांची मैदानं ओस.

काका-काकू नेमके तेव्हा पुतण्याच्या लग्नाला पुण्याला गेले होते. जाण्याआधी काकांनी दोन कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवले होते. मी बटण दाबलं आणि काकांचा प्रसन्न आवाज सुरू झाला:

"नमस्कार श्रोतेहो! सिंगापुरात सकाळचे दहा वाजले आहेत आणि तुमचा चहा झालेला आहे असं मी धरून चालतो. काय सुंदर हवा पडली आहे आज! उठा, घरातल्या सगळ्या खिडक्या उघडा, आणि माझ्याबरोबर पाच वेळा दीर्घ श्वास घ्या. एक..."

मी उडालोच! थांबवावं तर त्या जागी लावायला काही नाही. काका श्वास मोजत होते आणि मी मास्क लावून ऐकत होतो. म्हटलं, आता फोन येतील. शिव्या येतील. मंडळाच्या ग्रुपवर टिंगल होईल, लिम आम्हाला हाकलतील.

काही आलं नाही. एक फोन नाही, एक ईमेल नाही. ग्रुपवर त्या दिवशी कुणाकडे एअर प्युरिफायर जास्त आहे का, एवढीच चर्चा. दुपारपर्यंत मी दर दहा मिनिटांनी ईमेल बघत होतो. कुणी एक शिवी हासडली असती ना, तर मी त्याच्या घरी मिठाई नेऊन दिली असती!

आकडाही त्या दिवशी दोनच होता. मी आणि लिमचा कॉम्प्युटर. तो तिसराही नव्हता. म्हटलं, धुरानं आजारी पडला असेल बिचारा.

काका परत आल्यावर मी सगळं सांगितलं. त्यांनी जीभ चावली. "अरे बापरे! तक्रारी किती आल्या?"

"एकही नाही."

काकांनी सुटकेचा श्वास सोडला. "समजूतदार आहेत रे आपले लोक."

* * *

पुढचा किस्सा सांगताना मी आवाज खाली करतो.

कॉलेजला रेडिओचा वेळ कमी करायचा होता. लिम आमच्यावर तुटून पडले नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. त्यांनी काकांना आणि मला केबिनमध्ये बसवून सरळ सांगितलं. श्रोत्यांच्या जिवावर चालणारा रेडिओ आहे, तेव्हा प्रत्येक भाषेनं श्रोते दाखवायचे. वर्षातून एकदा आमच्याकडे वर्गणीचा आठवडा असायचा. निवेदक कार्यक्रम मध्येच थांबवून आवाहन करायचे आणि लोकांनी फोनवर वर्गणी नोंदवायची. त्या आठवड्यात मराठी तासाला पंचवीस फोन आले तर तास राहील. नाही आले तर जाईल. दुसरा रस्ता असा की हिंदी, गुजराती, बंगाली आणि मराठी मिळून एक नवा कार्यक्रम होणार होता. त्यात काकांना दर रविवारी दहा मिनिटं. फोनबिन काही नको.

"टेन मिनिट्स, शुअर. ऑर वन अवर, ट्वेंटी-फाइव्ह कॉल्स," लिम म्हणाले. "अंकल, टेन मिनिट्स इज सेफ. थिंक लाह."

काकांनी विचार केलाच नाही. माझ्याकडे बघून हसले. त्यांचा हिशेब सरळ होता. चाळीसमधले पंधरा आळशी धरले तरी पंचवीस उरतातच की!

"वन अवर," काका म्हणाले.

केबिनमध्ये आम्ही तिघंच होतो. मला फक्त तोंड उघडायचं होतं. 'काका, दहा मिनिटं घ्या', एवढंच. कोपऱ्यात तो कॉम्प्युटर आमचाच रेडिओ ऐकत बसला होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि गप्प बसलो.

* * *

वर्गणीचा रविवार.

मी आठवडाभर आधीपासून मंडळाच्या ग्रुपवर लिहीत होतो. रविवारी दहा ते अकरा, हा नंबर, एक फोन करा, दोन मिनिटं लागतील. खाली अंगठेच अंगठे! साठ अंगठे आले. हात जोडलेले, फुलं, झेंडे. खोटे फोन करावेत असंही मनात आलं. पण एका नंबरावरून एकच फोन चालायचा. म्हणजे खोटं बोलायलासुद्धा पंचवीस माणसं लागणार होती, आणि तेवढी माझ्याकडे नव्हती.

काकांनी नवा शर्ट घातला होता. दर दहा मिनिटांनी आवाहन करत होते, अजिबात लाचारी न करता. "श्रोतेहो, सहा वर्षं मी बोलतोय. आज तुम्ही बोला."

पहिला फोन दहा वाजून बारा मिनिटांनी आला. मी झडप घातली. एक बाई विचारत होत्या, "गणपतीच्या जेवणाची कुपनं इथेच मिळतात का?"

दुसरा फोन माझ्या बायकोचा. ती शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखी हळू आवाजात म्हणाली, "माझं नाव लिही. आणि तू जेवायला घरी ये, काही झालं तरी."

तिसरा फोन अकराला पाच कमी असताना. बोलणारी घरकाम करणारी इंडोनेशियन मुलगी असावी. तिनं अडखळत इंग्रजीत सांगितलं की मॅडमना वर्गणी द्यायची आहे. नाव विचारलं तर म्हणाली, "मॅम से नो नेम." पलीकडे कुणीतरी खोकलं आणि फोन बंद झाला.

संपलं. पंचवीसपैकी दोन.

अकराला दोन मिनिटं असताना काकांनी सवयीनं भुवया उंचावल्या, किती? मी बोर्ड हातात घेतला आणि कोराच धरला. काकांनी तो कोरा बोर्ड नीट वाचला. मग श्रोत्यांना नेहमीसारखा निरोप दिला. फक्त किती जण एकत्र होतो, ते सांगितलं नाही.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, "चाळीसच्या चाळीस एकदम परगावी गेले वाटतं."

सोमवारी लिम यांचं पत्र आलं. निरोपाचा कार्यक्रमसुद्धा नाही. ग्रुपवर मात्र दोन दिवस सुतक होतं. "अरेरे! फार वाईट झालं! नेहमी ऐकायचो!"

* * *

आठवड्यानं मी काकांना कॉलेजजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्या असतात तिथे, बोलावलं. दोन चहा घेतले. काकांचा चहा निम्मा झाला तेव्हा मी सांगून टाकलं.

"काका, चाळीस कधीच नव्हते. पहिल्या दिवसापासून तीन होते."

काकांनी कप खाली ठेवला. "सहा वर्षं?"

"सहा वर्षं."

 मला वाटलं, आता उठून जातील, मी अडवणारही नव्हतो. मग म्हणाले, "मग दहा मिनिटं घेतली असती रे मी."

 त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते वाक्य आजही मला आंघोळ करतानासुद्धा ऐकू येतं.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तिघांतला एक तू?"

"हो."

"दुसरा?"

"लिमचा कॉम्प्युटर."

काका हसले. पहिल्यांदाच जरा कडू हसले. "आणि तिसरा?"

"माहीत नाही. दर रविवारी असायचा. फक्त तुम्ही पुण्याला गेलात त्या धुराच्या दिवसांत नव्हता."

 चहावर साय धरली तरी काका कप उचलेनात. शेवटी म्हणाले, "मग त्या तिसऱ्यानं आता रविवारी काय करायचं?"

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. काकू बाथरूममध्ये पडल्या होत्या, खुबा मोडला होता, आता चाकाची खुर्ची. कामाला सुमी नावाची मुलगी होतीच. मी चौकशी केली, पण काकांचं काम वेगळंच होतं. त्यांच्या फोनमध्ये बोललेलं घरच्या टॅबवर रेडिओसारखं लागेल, अशी सोय करून देता येईल का? टॅबवरचं बटण मात्र कॉलेज रेडिओचं होतं त्याच जागी हवं, चित्रही तेच हवं.

"कशासाठी, काका?"

"प्रॅक्टिस," काका म्हणाले.

मी करून दिलं. एवढं तरी मला येत होतं.

* * *

आता शेवटचा. हा मी ऑफिसातल्या त्या दोघांना सांगितला नाही.

कॉलेजनं स्टुडिओची खोली केकच्या वर्गाला दिली. सामान काढताना लिम यांनी तो पांढरा बोर्ड माझ्या हातात दिला. "यू वॉन्ट? एल्स आय थ्रो." मार्कर अजून त्याला दोरीनं बांधलेला होता. म्हटलं, काकांना नेऊन द्यावा. रविवारी सकाळी बुकित बातोकला गेलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

दार सुमीनं उघडलं. हॉलमध्ये खिडकीपाशी काकू चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर टॅब. मी "काकू" म्हणायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. टॅबमधून काकांचा आवाज येत होता. आठवड्याच्या बातम्या संपवून ते एक धडा वाचत होते, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा. मी उभाच राहिलो.

इतक्यात खाली कोंबडा आरवला. तिथल्या ब्लॉकांमधून रानकोंबडे मोकळे हिंडतात, कुणी बांधत नाही त्यांना. खिडकीतून आवाज आला आणि विरला. आणि साधारण दहा सेकंदांनी तोच कोंबडा टॅबमध्ये आरवला.

ती दहा सेकंदांची सोय मीच करून दिलेली. रेडिओला तेवढा उशीर लागतोच. मी खिडकीकडे बघितलं, मग टॅबकडे, मग काकूंकडे. काकूंची नजर टॅबवरून हलली नव्हती.

"काका कुठे आहेत?" मी विचारलं.

"स्टुडिओत. रविवार नाही का आज?"

मग धड्यातला एक परिच्छेद संपेपर्यंत थांबल्या आणि शेजारच्या टेबलावरची पाण्याची बाटली उचलून माझ्यापुढे धरली. "ही विसरून गेलेत. नेहमीचंच आहे. एवढी नेऊन दे त्यांना. लिफ्टमधून उतरलास की डावीकडे, पत्रपेट्यांच्या मागे."

मी खाली उतरलो. डावीकडे वळलो. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत बुद्धिबळाचे चौकोन आखलेलं दगडी टेबल आहे, तिथे काका बसले होते. कडक इस्त्रीचा फुल शर्ट, चामड्याचे बूट, पाणी लावून पाडलेला भांग. फोन दोन पुस्तकांना टेकवून उभा केलेला. मला बघून ते वाचायचे थांबले नाहीत. मी बाटली टेबलावर ठेवली, आणि काच नव्हती तरी काचेएवढ्या अंतरावर जाऊन उभा राहिलो.

अकराला दोन मिनिटं असताना त्यांनी पुस्तक मिटलं, माझ्याकडे बघितलं आणि भुवया उंचावल्या.

बोर्ड माझ्या हातातच होता. मी मार्करचं टोपण काढलं, लिहिलं आणि त्यांच्यासमोर धरलं.

१

काकांनी चष्मा नाकावर सरकवून तो आकडा वाचला. बाटली उघडून घोटभर पाणी प्यायले. मग फोनकडे वाकले.

"जाता जाता सांगायला आनंद वाटतो, श्रोतेहो, की आज आपले सगळेच्या सगळे श्रोते हजर होते."